कापराच्या डबीतल्या गोळ्या

आमच्या मामांनी एकदा आरती अर्ध्यात सोडून देवळातून धूम ठोकली होती.

हातातलं तबक शेजारच्या माणसाच्या हातात दिलं आणि थेट घराच्या दिशेने सुटले.
लोकांना वाटलं, घरी कोणाला काही झालं की काय.
घरी सगळे ठीक होते. गडबड मामांच्या पोटात होती.

आज मामांना जाऊन एक वर्ष झालं.
सकाळपासून रडू येईल म्हणून बसले आहे आणि नेमकं हेच आठवून हसू येतंय. येऊ दे.

मामा म्हणजे माझे सासरे. शिरड शहापूरला आमच्या महादेवाच्या देवळात त्यांनी आयुष्यभर पूजा केली.
पूजा होईपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा नियम. ताप असो, घरात लग्न असो, नियम म्हणजे नियम.

साठीनंतर शुगर निघाली. वसमतच्या डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली आणि काहीतरी खाऊनच घ्या म्हणून बजावलं.
पण मामांचं स्वतःचं शास्त्र होतं.
"औषध आन् तीर्थ रिकाम्या पोटीच लागू पडतंय."
म्हणजे पहाटे आंघोळ, मग गोळी, मग पूजा.

अभिषेक होईपर्यंत पोटात ढवळायला लागायचं. आरतीचा स्पीड रोज वाढत चालला.
कोणी विचारायचं, "पुजारीबुवा, आज लई घाई?"
"मला न्हाई बाबा, महादेवालाच कैलासावर जायचंय!"

मग एक दिवस मामा म्हणाले, "पोट बराबर झालं आता."
आरती पुन्हा निवांत सुरू झाली. मी खूश. गोळ्यांची पाकिटं वेळच्या वेळी रिकामी होत होती, मी स्वतः बघत होते.

उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून पायाच्या बोटाला फोड आला. फुटला, चिघळला, भरेचना.
डॉक्टरबाईंनी शुगर तपासली.
"गोळ्या घेऊनही एवढी? अशीच राहिली तर हे बोट काढावं लागेल. आणि बोटावरच थांबेल, असं मी सांगू शकत नाही."

येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.
माझे वडील गेल्यानंतर मला 'पोरी' म्हणून हाक मारणारा हा एकच माणूस उरला होता.

त्या संध्याकाळी त्यांना उभं राहवेना, म्हणून घरच्या देवाची आरती मी घेतली.
डबीतली कापराची वडी तबकात ठेवली. काडी लावली. पेटेना.
दुसरी काडी. तिसरी काडी.
स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "कापूर सादळला का काय?"

वडी चिमटीत धरून उजेडात बघितली.
तिच्यावर मधोमध रेघ होती.

डबी पालथी केली. कापराच्या वड्या चार. शुगरच्या गोळ्या ओंजळभर.

"मामा, हे काय हाय?"
मामांनी आधी देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"काय करू पोरी? गोळी घेतली की गाभाऱ्यातच पोटात कालवतंय. पिंडीजवळ बसणारा माणूस मी. तिथं काही झालं तर तोंड कुठं दाखवू?"
"मग डॉक्टरबाईला काहून न्हाई सांगितलं?"
"लेकीच्या वयाची हाय ती. तिला जुलाबाचं सांगू?"
"आन् डबीत काहून ठेवल्या?"
"औषध हाय ते. उकिरड्यावर कसं फेकावं?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि हसायचंही होतं. दोन्ही केलं.
"मामा, आरतीतून उठून गेलात तर महादेव रुसत न्हाई. पण पाय गेला तर देवळाची पायरी कोण चढंल?"
मामांनी दुखरा पाय दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला. त्यांना एवढं घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या टेबलावर मी डबीच ठेवली. मामा पंख्याकडे बघत बसले. जुलाब, गॅस, मळमळ, सगळं मीच सांगितलं.
बाई रागावल्या नाहीत.
"बाबा, या गोळीने खूप जणांना असं होतं. पूजा किती वाजता आटोपते?"
"आठला."
"मग आठला न्याहारी करा आणि न्याहारीसोबतच गोळी घ्या. तुमचा नियमही मोडत नाही."

गोळी बदलून दिली, पोटात सावकाश विरघळणारी. सुरुवात कमी डोसने.
"आणि पोट बिघडलं तर मला सांगायचं. मनाने बंद करायची नाही."

एवढंच होतं सगळं. एवढ्यासाठी पाय जायची वेळ आली होती.

पहिले दोन आठवडे पोट कुरकुरलं. सासूबाईंनी ताकात भाकरी कुस्करून दिली. मग शांत झालं. जखम भरायला मात्र तीन महिने लागले.

त्यानंतर मामांची लाज जी गेली, ती कायमची.
देवळाच्या ओट्यावर शुगरवाला दिसला की चौकशी सुरू.
"गोळी खाऊन घेता का उपाशी? संडासला कसं हाय? तकलीफ असली तर डॉक्टरला सांगा, माझ्यावानी लपवू नका."
एकदा नवरा-नवरी दर्शनाला आले, तर नवरदेवाच्या शुगरवाल्या बापालाच बाजूला घेऊन हे सगळं विचारलं. वऱ्हाडी गार!
पण दोन महिन्यांनी तोच माणूस "डॉक्टरला सांगितलं, तरास गेला" म्हणत पेढे घेऊन आला. पेढे अर्थातच आम्ही खाल्ले.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी मामांनी पूजा केली. सगळी कडवी म्हणत निवांत आरती केली. चालत घरी आले, न्याहारी केली, गोळी घेतली आणि "जरा पडतो" म्हणून आडवे झाले.
उठलेच नाहीत.

शेवटचं पाया पडताना मी पदराने त्यांचे पाय पुसले.
दहाही बोटं जागेवर होती.

मामा, तुमची लई आठवण येते.
तुमच्या पोरीचा भरल्या मनाने नमस्कार.