ओळीची शेपूट

व्हर्लीन टॉलिव्हर विद्यापीठाच्या भोजनगृहात तेहतीस वर्षं मक्याचा पाव भाजत होती आणि तितकीच वर्षं एक गोष्ट गिळून बसली होती. त्या शुक्रवारी मात्र तिचा पारा चढला.

वाढपाच्या रांगेत केंड्रिया रडत होती. काळ्या मुलींच्या भगिनी मंडळाची ही यंदाची अध्यक्ष. मैत्रिणीला सांगत होती, "विद्यापीठाचे साहेब म्हणे, बाक कुणी बांधला त्याचा कागद दाखवा. कागद नाही तर तो राडारोडा. आज नऊला उचलणार. का, तर टेकडीवरच्या बायांच्या गाड्यांना जागा हवी!"

व्हर्लीनने पळी दाणकन आपटली. टेकडीवर गोऱ्या मुलींच्या मंडळांचे खांबवाले सात बंगले आहेत. काळ्या मुलींना चाळीस वर्षांत एक खोली मिळाली नाही. ओकच्या झाडाखाली जांभळा-पिवळा रंगवलेला सिमेंटचा एक बाक, एवढीच काय ती त्यांची मालमत्ता. तीही डोळ्यांत खुपावी?

बाक कुणी बांधला ते तिला पक्कं ठाऊक होतं. सिमेंट कालवून तिच्याच हातांना फोड आले होते. १९७४ साली मंडळात आलेल्या पहिल्या सात जणी, प्रथेप्रमाणे उंचीने ओळीत उभ्या. बुटकी पुढे, सगळ्यांत उंच मागे. मागची ती शेपूट. ओळीतली कुणी मागे पडू नये, हे शेपटीने बघायचं. व्हर्लीन शेपूट होती. पुढच्याच वर्षी आईला अर्धांगवायू झाला, धाकटी भावंडं गळ्यात पडली, शिक्षण सुटलं आणि शेपूटच मागे पडली. परत आली ती ॲप्रन बांधून. मंडळाचं नातं जन्माचं, हे तिला पाठ होतं. तरी पाव भाजणाऱ्या बाईने कुठल्या तोंडाने सांगायचं? आज तिला त्या लाजेचाच सगळ्यांत जास्त संताप आला.

भट्टी दुसरीवर सोपवून ती तरातरा गेली आणि बाकावर बसली. समोर बाक उचलायला आणलेलं यंत्र घरघरत होतं.

"ए मावशी, ऊठ तिथून!" मंडळाच्या पोरींना घेऊन आलेली केंड्रिया ओरडली. "आमच्या बहिणींशिवाय त्यावर कुणी बसत नाही, माहीत नाही का?"

"तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. नियम आम्हीच केला."

"आम्ही म्हणजे कोण?"

"खाली वाकून बघ. सिमेंटची लादी ओली असताना बोटाने नावं लिहिली आणि वाळल्यावर उलटी करून बसवली. शेवटचं नाव माझं."

केंड्रिया फोनचा दिवा घेऊन गवतात आडवी झाली. सातही नावं वाचली. बाहेर आली तेव्हा आवाज पडला होता. "ताई..."

"आता ताई? तेहतीस वर्षं ताट पुढे केलंत. एकीने तरी मान वर करून नाव विचारलं? आणि मीही तोंड शिवून बसले. मला काय कमी लाज वाटत होती?"

यंत्रावरचा माणूस वैतागला. "बाई, बाजूला व्हा. मला काम आहे."

"मलाही होतं. सोडून आले. साहेबाला फोन लाव. म्हणावं कागद सापडला. सिमेंटचा आहे, इथे येऊन वाच."

तोवर केंड्रियाने पोरींना बाकापुढे उंचीने उभं केलं. एक ताडमाड पोरगी टोकाला जाऊ लागली तशी व्हर्लीन कडाडली, "पुढे सरक! शेपूट मी आहे." ती पोरगी तिच्याहून चार बोटं उंच होती. तरी सरकली.

साहेब आले, सूट घालून. "फोटो काढून दाखवलात तरी चालेल."

"नाही चालणार. वाचा."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. यंत्र बंद झालं होतं, सगळे बघत होते. ते गवतात पाठीवर झोपले आणि बाकाखालून एकेक नाव वाचू लागले. सहा नावं झाली आणि थांबले.

"अजून एक आहे," व्हर्लीन म्हणाली. "मोठ्याने."