मीरासाब अत्तारांचा गळा

संस्थानात नवे महाराज गादीवर बसले त्या साली मीरासाब अत्तारांच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ आली. चार वर्षांत तिचा पेरू झाला. शनिवार पेठेत त्यांचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान. दुकानातलं सगळं खाऊन झालं, गाठीनं कशाचीच दखल घेतली नाही. शेवटी रत्नागिरीहून सुकटीच्या गाडीतून आलेलं समुद्राचं शेवाळ त्यांनी मडक्यात भाजलं आणि पूड मधातून चाटली. तीन महिन्यांत गळा सपाट.

दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, गळ्याच्या गाठीवरचं आमचं आयोडीनही असल्याच शेवाळातून निघतं. मीरासाब सुखावले. पण गिऱ्हाइकाला शास्त्र नको होतं, पुरावा हवा होता.

"गाठ व्हती म्हणता, मग दावा की," वडगावचा सयाजी म्हणाला. त्याचाही गळा सुजलेला.

"बरी झाली, पावणं. आता कुठनं दावू?"

"मग आमी कशावरनं मानायचं?"

सयाजी तसाच गेला. त्या पावसाळ्यात मीरासाबांनी स्वतःची पूड बंद केली. दिवाळीला गाठ हजर. पेठ बघून गेली. मग पूड सुरू, गाठ उतरली; पेठ पुन्हा बघून गेली. खप वाढला, सयाजीचा गळाही उतरला. तेव्हापासून दर साली हेच. पुरता बरा अत्तार लोकांना पटत नव्हता, आणि आजारी अत्तार चालत नव्हता.

"लोकांचं गळं बरं करता, आन् आपला पिकासारखा लावलाय व्हय?" बायको मेहमुदा म्हणायची.

"एवढं सालच."

असं ते सात सालं म्हणाले. आठव्या साली गाठ चढली ती उतरेना. पूड दुप्पट केली, तर छातीतली धडधड तेवढी वाढली. आडवं झालं की श्वास अडायचा, म्हणून ते भिंतीला टेकून झोपू लागले.

सयाजी लेकीसाठी पूड न्यायला आला आणि गळ्याकडे बघतच राहिला.

"अत्तार, तुमचं तुमालाच लागू पडंना?"

मीरासाबांनी प्रथमच खरं सांगितलं. "पुडीला गुण हाय रं. मीच दर साली मुद्दाम गाठ वाढवून घेतली. लई येळा केलं, म्हणून बिघडली."

सयाजी हसला. "आसं कोण करतंय व्हय!" हातात घेतलेली पुडी परत फळीवर ठेवून तो गेला.

"आता तरी बंद करा की दुकान," मेहमुदा म्हणाली.

"करतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं आणि भर उन्हाळ्यात गळ्याला उपरणं गुंडाळून बसले.