दहा टोल आणि माझी एकट्याची टाळी

आमच्या शाळेत कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला असे. शिपाई त्यावर घाव घाली, टण्ण! आणि आम्ही पोरं बाकांवर मुठी आपटत वीररसाची कविता गर्जू लागू. शौर्य म्हणजे आवाज चढवणं, हा तेव्हाचा समज पंचाहत्तरी ओलांडली तरी टिकून होता. तो मोडायला मला स्टॉकटनला जावं लागलं.

अमेरिकेत लेकाकडे आलेल्या आईबापांचा प्रवास ठरलेला असतो: पूल, धबधबा आणि मॉलमधला बाक. लेकाच्या गावी, फ्रीमाँटला, माझे तिन्ही झाले होते. शनिवारी सकाळी स्टॉकटनला कॉलेजात शिकणारी नात ईरा आली आणि नितीनला, म्हणजे तिच्या बापाला, म्हणाली, "आजोबांना फार्मर्स मार्केट दाखवते."

गाडीत बसल्यावर खरं बाहेर आलं. "आजोबा, डोन्ट फ्रीक आउट. आज माझी पहिली बॉक्सिंग फाइट आहे. बाबाला माहीत नाही."

सकाळी निघालात तर रस्ता दीड तासाचा. दुपारी निघालात तर एखादं खंडकाव्य पाठ होईल. आल्टामाँटच्या पिवळ्या टेकड्यांवर पवनचक्क्या संथपणे हात फिरवतात, पुढे बदामाच्या बागा लागतात. ऊन कडक, टोपी घ्या. मी सूनबाईच्या आग्रहाखातर स्वेटर नेला आणि दिवसभर बाळासारखा मांडीवर सांभाळला.

जिम एका जुन्या टायरच्या दुकानात आहे. ते चालवतात कोच राउल, व्हिएतनामची लढाई पाहून आलेले मेक्सिकन-अमेरिकन गृहस्थ. भिंतीवर फोटो जोडीनं लावलेले: एकात पोरगा हातमोज्यांत, शेजारी तोच लष्करी गणवेशात.

"आमच्या वस्तीतली पोरं इथून रिंगमध्ये जायची, नाहीतर फौजेत," कोच म्हणाले. "बरीचशी दोन्हीकडे. परत आल्यावर झोप लागेना, म्हणून पुन्हा इथेच."

मी मोठ्या रसिकतेनं विचारलं, "युद्धावर कोणी कविता नाही केली?"

"कशी करणार? आम्ही तिथे होतो."

तिकीट दारातच मिळतं, रोख पैसे लागतात. बाहेरच्या ट्रकवरचे टाको खाऊन मी पहिल्या रांगेत बसलो. सगळे उठून उभे राहिले, टोप्या उतरल्या, घंटा वाजू लागली. एक. दोन. तीन. आयुष्यभर नाटकं पाहिलेला मराठी माणूस मी. तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो. मी कडकडून टाळी वाजवली.

एकट्यानं.

शेजारच्या आजीबाईंनी माझा हात हलकेच धरला. "दहा असतात, सेन्योर. गेलेल्यांसाठी." उरलेले टोल मी त्यांच्याच हाताला धरून ऐकले. कोणीही आवाज चढवला नाही.

ईरा हरली. डावा डोळा सुजून बंद झाला होता, पण तिसऱ्या फेरीत ती एक पाऊलही मागे सरली नाही. मला वीररसाची एकही ओळ आठवेना.

"पुढची फाइट कधी?" तिनं कोचना विचारलं.

"आई किंवा वडील येतील तेव्हा. घरी न सांगता फौजेत सही केली होती मी. माझ्या जिममध्ये ते चालत नाही."

"आजोबा आलेत ना!"

"आजोबा टाळ्या वाजवतात."

घरी नितीननं तिचा डोळा पाहिला. "फार्मर्स मार्केटमध्ये भोपळा लागला का?" मग सगळं कळलं. "बाबा, तुम्हीपण? यार ईरा, मेंदूची वाट लागेल! जिम कॅन्सल."

"यू डिडन्ट ईव्हन आस्क मी हाऊ इट फेल्ट," ईरा म्हणाली आणि खोलीत गेली.

या सहलीतून खरेदी म्हणाल तर काही नाही. रविवारी सकाळी मी आवडती वीररसाची कविता म्हणायला बसलो आणि दुसऱ्याच कडव्याला माझा आवाज मलाच मोठा वाटला. नितीन लॅपटॉप उघडून मेंदूच्या दुखापतींबद्दल वाचत होता. ईरा परत निघायची बॅग भरत होती. दोघं बोलत नव्हते.

बेल वाजली. पार्सल असेल म्हणून नितीननं दार उघडलं. दारात कोच राउल उभे, चुरगळलेला फुलाफुलांचा शर्ट, हातात गोड पावांचा खोका.

"मी ईराचा कोच. कपड्यांबद्दल माफ करा. आमच्या गल्लीत फौजेचे इस्त्रीचे कपडे दारात आले की पोरगा गेल्याचीच बातमी असायची, आया दार उघडायच्या नाहीत."

नितीननं त्यांच्या बुटांकडे पाहिलं. आमच्याकडे बूट काढल्याशिवाय प्लंबरलाही प्रवेश नाही. राउल बुटांच्या नाड्या सोडायला कष्टानं वाकले.

"असू देत, असू देत," नितीन म्हणाला. "तसेच आत या."