लोहाराच्या अंगणातला सव्वा महिना

बायको माहेरी गेली तेव्हा तिने भांडण केलं नाही, त्यामुळे चार दिवसांनी येईल असं मी धरून चाललो. कर्जतजवळच्या एका गावात मी मराठी शाळेवर मास्तर होतो, आणि पीत होतो. शाळेच्या वेळेत कधी घेत नाही याचा मला अभिमानसुद्धा होता. पिणाऱ्याला कशाचाही अभिमान वाटतो.

महिना झाला तरी ती आली नाही. मग खालापूरहून सासऱ्यांचा निरोप आला. तुमच्या गावच्या लोहाराच्या अंगणात रोज दिवेलागणीला जाऊन बसा, सव्वा महिना तोंडाला थेंब लागला नाही असं त्याने सांगितलं तर मुलगी पाठवतो, नाहीतर ती इथंच राहील.

मला संताप आला. चार बुकं शिकलेल्या माणसाची परीक्षा लोहाराने घ्यायची! आठ दिवस मी घुश्शात काढले. सकाळी शिळं, संध्याकाळी काहीच नाही, आणि घरात बोलायला कुणी नाही. नवव्या दिवशी मुकाट्याने निघालो. निघताना सवयीने दोन लवंगा तोंडात टाकल्या.

अंगणात सात-आठ माणसं बसली होती. दोघे गाडीवान, तीन-चार कुणबी, डोंगरातल्या वाडीवरचा एक ठाकर. सगळे कधी ना कधी दारूत बुडून वर आलेले. लोहाराने नशेत आपल्याच डाव्या हातावर हातोडा घातला होता, तेव्हापासून त्याने ही बैठक सुरू केली होती. उपदेश कुणी करत नसे. अंबाडीचे दोर वळायचे, गूळपाणी प्यायचं आणि रात्रीची जेवणवेळ झाली की घरी जायचं. पण लोहार धूर्त होता. पिणाऱ्याचे पाय दिवेलागणीलाच गुत्त्याकडे वळतात, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय दोर वळताना दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात असतं, मधेच उठून जाता येत नाही.

नियम एकच. अंगणात शिरताना लोहारासमोर तोंड उघडायचं आणि त्याने हुंगायचं.

माझ्या तोंडाचा वास घेऊन तो म्हणाला, "मास्तर, लवंग खाल्ली?"

"हो. सवय आहे."

"आमा सगळ्यांनाच व्हती. हितं कोरं तोंड लागतं. हिरीवर जाऊन चूळ भरा अन् या."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी परतच गेलो असतो. चूळ भरून आलो आणि ठाकराने माझ्या हातात दोराचं टोक दिलं.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. हात इतके थरथरत की माझा दोर कुठे जाड, कुठे बारीक व्हायचा. ठाकर तो न बोलता उलगडायचा आणि पुन्हा टोक माझ्या हाती द्यायचा. पुढे झोप लागू लागली, भूक लागू लागली. महिना उलटला. उद्या सव्वा महिना भरणार आणि परवा बैलगाडी येणार, असं ठरलं.

त्या दिवशी शाळा तपासायला साहेब आले. मुलांनी पाढे घडाघडा म्हटले, साहेब खूश झाले. मी त्यांना कर्जत स्टेशनावर पोचवलं आणि परत येताना गुत्त्यात शिरलो. लोक म्हणतात माणूस दुःखात पितो. मी आनंदात प्यालो.

तिथून तसाच अंगणात गेलो, कारण न जाणं म्हणजे कबुलीच. लोहारासमोर तोंड उघडलं. त्याने वाकून वास घेतला आणि मान हलवली. "बसा."

मी बसलो. सुटलो असं वाटलं. थोड्या वेळाने तो शिंकला, नाक पुसलं आणि सगळ्यांना म्हणाला, "आज पडसं हाय रं. नाकाला काय कळत नाय. ज्याचं त्यानं सांगा."

एकेक जण "कोरं" म्हणत गेला. माझी पाळी आली. परवाची गाडी डोळ्यांसमोर उभी होती. एक शब्द बोलायचा होता, आणि तो खोटा आहे हे कुणाला कळलंही नसतं. ठाकर दोराचं दुसरं टोक धरून माझ्याकडे बघत होता.

"प्यालोय," मी म्हणालो.

"बरं," लोहार म्हणाला. "उद्यापासून पयला दिवस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटे चालत खालापूरला गेलो. ओटीवर तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. सासऱ्यांसमोर आणि तिच्यासमोर सगळं सांगितलं, गाडी पाठवू नका म्हणालो. सासरे तोंडाला येईल ते बोलले. ती गाठोडं उचलून आत गेली. मग बाहेर येऊन तिने माझ्यापुढे ताट ठेवलं.

"जेवा अन् लगेच निघा," ती म्हणाली. "दिवेलागणीला अंगणात पोचायला पायजे."

जेवलो आणि लगेच निघालो. अंधार पडायच्या आत पोचलो.

ती आली तेव्हा पुन्हा मोजायला लागून बावीसच दिवस झाले होते. दारात तिच्या भावाची गाडी बघून मी आधी तेच सांगितलं, "अजून सव्वा महिना भरला नाही."

"तो बाबांचा हिशोब," गाठोडं उतरवत ती म्हणाली. "मला तुमी खरं बोलता का तेवढंच बघायचं व्हतं. ते त्याच दिवशी बघितलं."

"मग बावीस दिवस कशाला लावलेस?"

"राग जायला लागले," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.