नदीत भिजवलेली मोटारीची चाकं

वैशाख वद्य तृतीया, साल १९३४. भोरहून वेल्ह्याला जाऊन परत येण्याचं मोटारभाडं नऊ रुपये. परतीच्या वाटेला गाडीत चौघं होतो: मी, माझी थोरली मुलगी, तिचे सासरे आणि ड्रायव्हर. मुलीला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला माहेरी आणत होतो. बैलगाडीचे हादरे तिला सोसणार नाहीत म्हणून मी मोटार केली. व्याह्यांना मोटार मुळीच पसंत नव्हती, पण सुनेला तिच्या हवाली करून घरी बसवेना, म्हणून तेही आले.

आदल्या दिवशी भोरला मी सगळ्या चाकांची हवा मोजून घेतली होती. ड्रायव्हरकडे त्यासाठी पितळी नळी होती. चारही चाकं पस्तीस रत्तल, म्हणजे पौंड, मागे बांधलेली स्टेपनीही पस्तीस. सकाळी वेल्ह्यात पुन्हा मोजायला लावली. तीन चाकं तेहतीस भरली, मागचं डावं अठ्ठावीस.

"गारव्यानं उतरती, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"एकाच चाकाला लागला का गारवा?"

तो हसला. टायरवरून हात फिरवला, खिळा काही सापडला नाही. पंप मारून पस्तीस केली आणि आम्ही निघालो. मुलगी त्याच चाकाच्या बाजूला बसली होती. माझं लक्ष रस्त्यावर नव्हतंच.

नदीचा उतार आला तसे व्याही ओरडले, "थांबीव! चाकं भिजू दे."

आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीवान नदीत बैलगाडी घटकाभर उभी करतो. उन्हानं चाकाचं लाकूड आटतं आणि लोखंडी धाव ढिली पडते. पाण्यानं लाकूड फुगून ती पुन्हा घट्ट बसते. या मोटारीच्या चाकांनाही लाकडी आरे होते आणि ते वाटभर करकरत होते.

"अवो, ह्याला रबर हाय, धाव न्हाई," ड्रायव्हर वैतागला.

"लाकूड त्ये लाकूडच. सून माजी बसलीय, तुजी न्हाई. घाल पाण्यात!"

"घाल बाबा," मी म्हटलं. मुलीला उतरवून करंजाच्या सावलीत बसवलं.

पाणी संथ होतं, वीतभर चाक बुडलं. थोड्या वेळानं व्याही म्हणाले, "आता अर्धा फेरा म्होरं घे. दुसरं अंग कोरडंच ऱ्हायलं." ड्रायव्हरनं पुटपुटत गाडी सरकवली.

तेवढ्यात काठावरून मुलगी म्हणाली, "आबा, मागच्या चाकापाशी बुडबुडे येताहेत."

येत होते खरे, डाव्या चाकापाशी, एकाच जागेवरून. बाभळीचा काटा रबरात शिरून वरचं टोक मोडलं होतं, म्हणून हाताला लागला नव्हता. नळी लावली; हवा सव्वीसवर आली होती. नदीपलीकडे चढ होता आणि डाव्या हाताला खोल ओघळ. वेळेवर कळलं म्हणून मला इतकं हलकं वाटलं की मी एकटाच मोठ्यानं हसलो.

"बगा पावनं! चाकाला पानी लागतंय, सांगत व्हतो का न्हाई?"

"लागतं हो," मी म्हटलं. कशासाठी लागतं, तो वाद काढला नाही.

"मामा, आता बैलबी जुपू का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"जुपशील. तुज्या इंजनापरीस बरं वडतील."

स्टेपनी मोजली, चढवली, पुन्हा मोजली. नसरापूरला थांबून परत मोजली, उतरली नव्हती. तिथून पुढे मी डोंगर बघत आलो.

भोरला मुलगी आपल्या पायांनी उतरली. आमच्या मंडळींनी दारात लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला, तर व्याही म्हणतात, "इहीणबाई, त्या चाकावरनंबी उतरा." सगळे हसले; पण मंडळींनी खरंच उतरला.

मोटारीच्या मालकाला ठरलेले नऊ रुपये दिले. ट्यूबला ठिगळ लावायचे चार आणे ड्रायव्हरला वेगळे दिले. पुढच्या महिन्यात नात झाली, दोघी सुखरूप. सुईणीला पाच रुपये आणि एक लुगडं दिलं.