चीला म्हणजे भात नव्हे

"नाश्ते में क्या लेते हो, भैया?" हे डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं ते तिसऱ्या खेपेला. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी रिपोर्ट पाहिला, गोळी वाढवली आणि म्हणाल्या, चावल बंद. मी मान हलवली आणि खरंच बंद केला. रायपुरात राहून भात सोडणं काय असतं ते इथं जेवलेल्यालाच कळेल.

"चीला," मी म्हणालो.

"किस चीज का?"

"चावल के आटे का." घावनासारखाच असतो तो. इथं घरोघरी सकाळी होतो.

"और शाम को?"

"फरा." म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या.

त्या हसल्या. "तो चावल बंद कहाँ हुआ?"

"भाताच्या शितालाही हात लावला नाही मॅडम," मी मराठीतच बोलून गेलो. राग आला की मला हिंदी सुचत नाही.

मग त्यांनी माझ्या पायाची पट्टी सोडली आणि त्यांचं हसू गेलं. डाव्या अंगठ्याखालची जखम भरायच्या ऐवजी कडेनं काळी पडत होती. पंधरा दिवस बघू, म्हणाल्या, नाहीतर सर्जनकडे पाठवते, अंगठा काढावा लागेल. आणि एक शब्द सांगितला, ग्लायसेमिक इंडेक्स. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला हा शब्द आज सांगता? पण समजावलंही त्यांनीच. खाल्लेल्याची रक्तात साखर किती लवकर होते त्याचा तो हिशेब. चणा, मूग, भाजी हळू उतरतात. तांदूळ लवकर. आणि धान्य जितकं बारीक दळावं तितकं आणखी लवकर. म्हणजे मी भात सोडून भाताहून वाईट खात होतो, तेही पथ्य म्हणून, दोन-दोन वेळा.

इथंच भनपुरीत टायर रिमोल्डच्या, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवायच्या कारखान्यात मी दिवसभर उभ्यानं काम करतो. बूट चावला तेव्हा मला कळलंच नाही, कारण शुगरमुळे तळपायाची जाणीव गेलेली. अंगठा गेला तर मशीनवर कोण उभं करेल? वाशिमकडे गावात आई, बायको, दोन लेकरं. फोनवर मी सांगितलं होतं, बारीक खरचटलं आहे. त्या दिवशी ऑटोत बसून मी अंगठ्याकडेच पाहत राहिलो आणि रस्त्यातल्या प्रत्येक माणसाचा मला राग आला. नीट दोन पायांवर चालत होते म्हणून.

गुढियारीला मी काकूंच्या घरामागच्या खोलीत राहतो. काकू मराठीच, पण त्यांच्या घरची चौथी पिढी रायपुरात. काका रेल्वेत होते, आता हयात नाहीत. भाडेकरूला कोणी जेवायला घालत नाही. यांनी पहिल्या महिन्यापासून घातलं. जखमही त्यांनीच आधी पाहिली. ओसरीवर रक्ताचे ठिपके दिसले आणि त्या ओरडल्या, "बाबू, पाय दाखव तुझा!" पाय माझा, पण दिसला त्यांना. हे मी विसरत नाही. म्हणूनच त्या संध्याकाळी घरात शिरल्यावर जे झालं ते मला अजून चावतं.

ताटात फरा होता, वरून मोहरी-तिळाची फोडणी. वास आला आणि माझं डोकं फिरलं.

"काकू, तुम्ही मले मारून राहिल्या!"

"काय म्हणाला?"

"हे तांदूळ आहे ना? तांदूळच आहे ना हे?"

"अरे, फरा आहे. तुले भात कुठी वाढला मी?"

"दळला म्हणून काय तांदळाचा गहू होते काय? डॉक्टरीण हसली मले! अंगठा कापावा लागन म्हणते!"

"हव, मीच मारून राहिली तुले," काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "उद्यापासून त्याच्यात जहरही टाकते. मोठा आला! बिमार माणसाले आमच्याकडे चीलाच देतात. हलका असते म्हणून देतात. तुले मालूम होतं तं पहिले काहून नाही बोलला?"

"मले कुठी मालूम होतं!"

"मग मले कसं मालूम राहीन?"

मी ताट सरकवलं. काकूंनी ते उचललं नाही. खाली बसल्या, फऱ्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम उतरला.

"यांचा भातही डॉक्टरनं बंद केला होता," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी चीलाच दिला रे यांना. गरम-गरम. गुडघ्यापासून पाय कापला तेव्हाही, दवाखान्यात डब्यात नेत होती."

काकांना शुगर होती हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. माझं ओरडणं कुठं जाऊन लागलं ते तेव्हा कळलं. पण राग गेला नाही. उलट आता तो नीट जागेवर बसला. ज्या गावात तांदूळ दहा तऱ्हांनी खातात तिथं नुसतं चावल बंद म्हणून माणसाला घरी पाठवायचं? ताटात काय पडतं ते एकदा विचारायला किती वेळ लागतो? आम्ही अडाणी, कबूल. पण आम्ही सांगितलेलं पाळलं होतं. तंतोतंत पाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचं पीठ शोधून आणलं; भाजी-उसळीनंतर एक भाकर चालेल, म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई. आमच्याकडे ज्वारी लहानपणी रोजची, आणि रायपुरात आल्यावर मीच ती सोडली होती, बाकीचे कामगार डब्यात पाहून हसत म्हणून. काकूंना भाकर थापता येईना. पहिली तव्यावर टाकतानाच मोडली.

"असं खाता तुम्ही तिकडे? भिंतीले लिपायचं दिसते हे," त्या म्हणाल्या.

मी थापली. माझीही वाकडीच झाली. पण जेवलो: आधी लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, उसळ, मग एकच भाकर. सकाळी चील्याऐवजी मोड आलेले मूग. दर जेवणाला मला चिडचिड व्हायची, पोट भरलंय असं वाटायचंच नाही. काकू समोर बसून राहायच्या, मी काय-किती खातो ते बघत. स्वतःसाठीही त्या भात टाकेनात. मी म्हटलं, तुम्ही तरी खा. म्हणाल्या, "तू गप जेव."

पंधरा दिवसांनी काकू माझ्याबरोबर आल्या. मी नको म्हटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, चिमट्यानं कड दाबून पाहिली, खाली वाकून पुन्हा पाहिलं. "लाल मांस आ रहा है. शुगर भी उतरी है. अभी काटने की बात नहीं."

मी हात जोडले. मनापासून जोडले, डोळ्यात पाणी आलं माझ्या. याच बाईंवर मी पंधरा दिवस दात खात होतो, आणि तरी जोडले.

काकूंनी जोडले नाहीत.

"मेरे आदमी का पैर गया," त्या म्हणाल्या. "उनको किसी ने नहीं पूछा क्या खाते हो."

डॉक्टरीणबाईंनी चिमटा खाली ठेवला. "माताजी, वो मेरे पेशंट थे क्या?"

"नहीं."

"फिर?"

"फिर तुम तो पूछो." काकूंचा आवाज फाटला. "पहले दिन पूछो. तीसरे महीने में नहीं."

आणि त्या उठून निघाल्या. मी एका हातानं रिपोर्ट गोळा करत, दुसऱ्या हातानं चप्पल चढवत होतो. पट्टीचा अंगठा चपलेत जाईना. बाहेर आलो तोवर काकू रस्त्यावर पार पुढे गेल्या होत्या, पदर डोळ्याला लावून, भरभर. मी हाक मारली, "काकू, थांबा, मले जोरात नाही चालता येत!" त्या थांबल्या नाहीत. मी लंगडत मागे जात राहिलो, दोन्ही पायांवर.