डावी बाजू

माझा धाकटा भाऊ क्ले मॉडेलर आहे. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे मुलांना मातीकाम शिकवतो का? नाही. नवी मोटार कारखान्यात तयार होण्याआधी तिचा खऱ्या मापाचा पुतळा करावा लागतो, तो हा करतो. फोमच्या सांगाड्यावर गरम करून मऊ केलेला तपकिरी क्ले थापायचा, गार झाला की पात्याने तासायचा आणि शेवटी डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला लागतो म्हणे. ही खोड घरीही सुटत नाही. माझ्या नव्याकोऱ्या फ्रीजवर हात फिरवून म्हणाला, "ताई, पोचा आलेला गळ्यात मारलाय तुझ्या." झालं, माझा आनंद गेला.

बायको गेल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या रेघा उभ्या केल्या. चित्र काढणार डिझायनर, नाव होणार डिझायनरचं, आणि घरी येऊन पाठ शेकणार हा. कुरकुर मात्र नाही. राग यायचा तो मला.

निवृत्ती जवळ आली आणि त्याच्या वर्कशॉपकडे एका कंपनीची दोन सीटांची स्पोर्ट्स कार आली. या धंद्यात एक पद्धत आहे. एकाच मॉडेलच्या दोन बाजू दोन वेगळ्या गाड्यांच्या करतात. डावीकडे एक कल्पना, उजवीकडे दुसरी. क्लेही वाचतो आणि वेळही. उजवी बाजू कंपनीच्या डिझायनरची होती. डावी ज्याची, तो डिझायनर नोकरी सोडून गेला. तेव्हा वर्कशॉपचा मालक म्हणाला, "मास्तर, डावी तुम्हीच करा. तुमच्या मनातली."

माझ्या भावाने जन्मात प्रथमच स्वतःची रेघ मारली. पुढच्या चाकापासून निघालेलं एकच वळण, मागच्या चाकावर जरा फुगून खाली उतरणारं, उडी मारण्याआधी मांजर मागचं अंग आवळून घेतं तसं. बाकी काही नाही. उजवी बाजू म्हणजे कपाळाला आठ्या घातलेली. रागीट दिवे, जागोजागी घड्या, आणि दाराच्या मागे हवेसाठी म्हणून दोन झरोके, ज्यांतून हवा कुठेच जात नाही, कारण मागे भिंतच आहे.

कंपनीच्या साहेबांना डावी आवडली होती. तिथे गप्प बसला असता तर भागलं असतं. पण हा रोज संध्याकाळी गाडीवेड्यांच्या चर्चा वाचतो. सगळ्यांची एकच रड: आजकालच्या गाड्यांची तोंडं फार मोठी, झरोके खोटे, पूर्वीसारखी साधी रेषा कुणी काढतच नाही. याला वाटलं, हे आपलेच लोक. त्यानेच साहेबांना गळ घातली, शौकिनांना बोलवा, त्यांना दाखवा, मग ठरवा.

मी ग्रंथपाल होते. म्हटलं, "अरे, वैचारिक पुस्तकं का ठेवत नाही म्हणून भांडणारे जाताना काय घेऊन जातात, ते मी उभा जन्म पाहिलंय."

"ताई, पुस्तकवाले वेगळे, गाडीवाले वेगळे," म्हणाला.

त्या दिवशी पाहणाऱ्यांत एक माणूस कमी पडला, म्हणून मालकाने मलाच बोलावून घेतलं. दारात फोन काढून घेतला आणि बसवलं. मॉडेलवर चंदेरी फिल्म ताणली होती, खरा पत्राच वाटावा अशी. भाऊ कोपऱ्यात उभा. त्याला बोलायला बंदी होती.

डाव्या बाजूला सगळे विरघळले. एक दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "बघा, एक खोटा झरोका नाही! खोटा झरोका म्हणजे किडक्या दातावर सोन्याची टोपी." क्लबचे अध्यक्ष गाडी चालवायचे चामडी हातमोजे घालूनच आत आले होते. ते म्हणाले, "हल्लीच्या गाड्या समोरून आल्या की वाटतं, गिळणार आपल्याला. ही कशी, बोलावते." शर्यतीत गाडी चालवणारी एक मुलगी तर तिथे मांडी ठोकून खालीच बसली. मी भावाकडे पाहिलं. साठीचा माणूस कानापर्यंत लाल झाला होता.

मग उजवी पाहून झाली. तिला नावं ठेवून झाली. साहेब म्हणाले, "आता एकच करा. पैसे मोजून जी घ्याल, तिच्या बाजूला जाऊन उभे राहा."

सगळे उजवीकडे गेले. थोडे लाजत, पण गेले. डावीकडे मी एकटी.

"मग इतका वेळ कशाला तोंडाची वाफ दवडलीत?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "डावी सुंदरच आहे हो. पण सिग्नलला थांबल्यावर कुणी वळून बघायला नको?"

"डावी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी," हातमोजेवाले हसले, "म्हणजे आपल्याला बघायला मिळेल."

साहेबांनी मला अदबीने विचारलं, "आजी, आपण गाडी चालवता?"

"नाही."

"मग आपलं मत वेगळं ठेवू."

वेगळं म्हणजे कुठे, ते मला न सांगताही कळलं. मंडळी गेल्यावर साहेब भावाजवळ आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मास्तर, मला तर डावीच हवी होती. लोकांना विचारा असं तुम्हीच म्हणालात. आता वरच्यांना काय सांगू?" सकाळी फोटो काढायचे होते. तोवर डावी बाजू उजवीसारखी करायची होती. आणि डावीची वळणं दुसऱ्या कुणाच्या हाताला ठाऊक नव्हती.

भावाने फिल्म सोलली. खाली तपकिरी अंग उघडं पडलं. त्याने पातं पुसलं, उचललं आणि तो तसाच उभा राहिला.

"बिघडव मुद्दाम," मी म्हटलं. "वाकडं काप. म्हातारा झाला, हात थरथरला म्हणतील."

"गाडी वाकडी दिसेल ना ताई."

"दिसू दे! मेली दिसू दे!"

त्याने क्लेवर बोट दाबून पाहिलं. जगातल्या प्रत्येकाला सुनावायला माझ्याकडे काहीतरी असतं. तिथे मात्र "मी काही करू का?" एवढंच विचारलं.

"तो हीटर जरा जवळ आण. क्ले फारच गार पडलाय, खोल कापताना चिरा जातील."

मी हीटर ओढत नेला आणि त्या वळणासमोर ठेवला. क्ले मऊ झाला. त्याने पातं घातलं. दाराच्या मागे लांब साल निघून खाली पडली, मग आणखी एक. झरोका झाला. त्याने डोळे मिटून आत हात घातला, पलीकडे जाऊन उजवीकडच्यात घातला आणि परत आला.

"त्या बाजूचा अजून खोल आहे," म्हणाला, आणि पुन्हा कापू लागला.